गोंदिया ते नागपूर, पन्नास मिनिटं

नकाशावर पट्टी ठेवून मी ती रेघ ओढली, तेव्हा ती आमच्या घराच्या दक्षिणेकडून गेली. एका टोकाला गोंदियाचं बिरसी विमानतळ, दुसऱ्या टोकाला नागपूर, आणि मधे भंडारा जिल्ह्याचा वरचा भाग आडवा कापलेला. तुमसर रोडचं जंक्शन जवळपास रेघेखालीच होतं. वैनगंगा रेघेला छेदून खाली उतरत होती. रेघेच्या वर, बोटाच्या एका पेराएवढ्या अंतरावर, सिहोरा. आमच्या गावाचं नाव नकाशावर नव्हतं, पण गावाचा तलाव होता.

"किती?" मॅडमनी विचारलं.

"चौऱ्याहत्तर."

"चौऱ्याहत्तर काय? पपया?"

"नॉटिकल मैल, मॅडम."

"एकक सांगितल्याशिवाय आकडा सांगायचा नाही. आणि वेळ?"

आमच्या शिकाऊ विमानाचा वेग ताशी शंभर नॉटिकल मैल. पण मार्चमध्ये सकाळी वारा पश्चिमेकडून येतो, म्हणजे नागपूरला जाताना तो तोंडावर. हवामान खात्याच्या अंदाजात दहाचा वारा होता. शंभरातून दहा गेले, राहिले नव्वद. चौऱ्याहत्तर भागिले नव्वद.

"पन्नास मिनिटं," मी म्हणाले.

मॅडम माझ्या उड्डाणाच्या प्रशिक्षक, अकोल्याच्या. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या असतील. त्या कधी 'शाब्बास' म्हणत नसत. काम बरोबर असेल तर पुढचा प्रश्न विचारायच्या, एवढंच. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला, "वाटेत आपण कुठे आहोत हे तुला कशावरून कळणार?"

मी नकाशावरच्या खुणा दाखवल्या. तिरोड्याच्या वीज केंद्राची उंच धुरांडी, मग वैनगंगेवरचा रेल्वेपूल, मग तुमसर रोड जंक्शन, आणि त्याच्या पुढे रेघेच्या जरा उजवीकडे एक मोठा तलाव. त्या तलावावर मी पेन्सिलीनं गोल केला होता. मॅडमनी त्या गोलावर बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि नकाशा माझ्याकडे सरकवला.

आज मी एका छोट्या प्रवासी विमानाची सहवैमानिक आहे. लहान शहरांच्या विमानतळांमधून दिवसाला चार-चार फेऱ्या होतात. अंतर, वारा, इंधन, वेळ, सगळं यंत्रच काढून देतं. तरी कोणी विचारलं की विमान चालवायला तू खरी कधी शिकलीस, तर मी त्या मार्चच्या तीन आठवड्यांचंच सांगते.

आम्ही ढिवर. बाबा गावच्या मामा तलावात डोंग्यावरून जाळं टाकतात. मालगुजारांच्या काळात बांधलेल्या तलावांना आमच्याकडे मामा तलाव म्हणतात. ते इतके आहेत की पाहुण्याला घरचा पत्तासुद्धा तलावावरून सांगतात. बाबांच्या मच्छीमार सोसायटीकडे आजूबाजूच्या गावांचेही तलाव असतात, त्यामुळे वर्षभरात दहा-बारा पाण्यांवर त्यांचं जाणं होतं. आई सिहोऱ्याच्या बाजारात मासोळ्या विकते आणि हंगामात धानाच्या रोवणीला जाते. मी बारावीला गणित आणि भौतिकशास्त्र घेतलं, परीक्षा दिल्या, शिष्यवृत्ती मिळाली आणि बिरसीला वैमानिकाच्या शिक्षणाला लागले. आपल्याला हे जमणार नाही असं मला एकदाही वाटलं नव्हतं. लिहिताना ही फुशारकी वाटते, पण खरं आहे ते. सातवीत असताना मी एकटीनं डोंगा तलावाच्या त्या टोकाला नेऊन परत आणत असे. पायाखालचं लाकूड डुलतं आणि आपण डुलायचं नसतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं.

त्या रेघेवरून पहिल्यांदा आम्ही दोघी गेलो. मी डावीकडे, मॅडम उजवीकडे. नियम असा की शिष्यानं एकट्यानं जाण्याआधी तोच मार्ग गुरूबरोबर एकदा उडायचा. धुरांडी वेळेवर आली. पूल आला. तुमसर रोड आलं, तिथून उत्तरेला तिरोडीकडे फुटणारी रेल्वेची फांदीही स्पष्ट दिसली. सगळं कसं पुस्तकातल्यासारखं चाललं होतं. मग मला डावीकडे पुढे एक मोठा तलाव चमकताना दिसला. माझा तलाव खरं तर उजवीकडे यायला हवा होता. मी मनाशी म्हटलं, वाऱ्यानं आपण उजवीकडे सरकलो असणार, म्हणून तो डावीकडे दिसतोय. मी नाक डावीकडे वळवलं आणि त्या तलावाकडे निघाले.

मॅडम खिडकीबाहेर बघत होत्या. पाच-सहा मिनिटं त्यांनी मला जाऊ दिलं. मग विचारलं, "आपण कुठे आहोत?"

मी नकाशावर बोट ठेवलं. "इथे. हा तलाव."

"छान. मग रेल्वे कुठे आहे?"

रेल्वे डावीकडे असायला हवी होती. डावीकडे नुसती शेतं. मी उजवीकडे वाकून पाहिलं, तर बऱ्याच अंतरावर रुळांची करडी रेघ आणि तिच्यावर किडीसारखी सरकणारी मालगाडी. मी चार मैल दक्षिणेला गेले होते. माझ्या खालच्या तलावाशी माझ्या रेघेचा काही संबंध नव्हता. आणि मग मला त्याच्या पलीकडे दुसरा तलाव दिसला, तिसरा, चौथा. सकाळच्या उन्हात सगळे एकसारखे पत्र्याच्या तुकड्यांसारखे चमकत होते.

"बाबा काय करतात म्हणालीस?" मॅडमनी विचारलं.

"तलावात मासे धरतात."

"आणि मुलीला तलाव ओळखता येत नाही."

त्या रागावल्या नव्हत्या, आणि तेच मला जास्त लागलं. उरलेला रस्ता त्यांनी मला रेल्वेला धरून न्यायला लावला. परत आल्यावर माझ्या वहीत त्यांनी एकच ओळ लिहिली: खुणा निवडताना पुन्हा विचार करावा. एकटीनं जायची परवानगी दिली नाही.

त्या शनिवारी मी घरी गेले. बिरसीहून ऑटोनं गोंदिया, गोंदियाहून पॅसेंजरनं तुमसर रोड, तिथून ऑटोनं तुमसर, आणि तुमसरहून एसटीनं सिहोरा. सिहोऱ्याला बाबा गाडी घेऊन उभे होते. माझ्या हातातली नकाशाची गुंडाळी बघून म्हणाले, "हे कायचं हाय? क्यालेंडर?"

घरी गेल्यावर मी नकाशा छपरीत, म्हणजे पुढच्या पडवीत, पसरला. चार कोपऱ्यांवर आईनं चार तांबे ठेवले. मी बाबांना सगळं सांगितलं, चुकले तेही सांगितलं. बाबांनी चष्मा लावला, ओणवे होऊन नकाशा बघितला. त्यांना नकाशा वाचायची सवय नव्हती, पण नदी त्यांनी लगेच ओळखली. मग नदीवरून बोट सरकवत एकेका तलावाचं नाव घ्यायला लागले. कोणत्या तलावात रोहू चांगला वाढतो, कोणत्यात शेवाळ फार, कुठल्या गावचे लोक जाळं टाकू देताना कटकट करतात. माझ्या पेन्सिलीच्या गोलापाशी येऊन ते थांबले.

"हा तू कायले धरला?"

"मोठा आहे म्हणून. नकाशावर बघा ना केवढा आहे."

"नकाशावर हाय. होळीनंतर तेच्यात आर्धंच पाणी रायते. वरच्या अंगानं सारा आटते, लोक त्यात उन्हाळी धान लावते. तू वरून पाहशीन त हिरवं दिसन, पाणी नाई दिसन. अन् हा दुसरा, लहान दाखवला हाय, हा खोल हाय. हा भरून रायते. तुले हाच मोठा दिसला असन."

झालं होतं नेमकं तसंच. मी त्या लहान पण भरलेल्या तलावाला माझा मोठा तलाव समजले होते.

"मग ओळखायचा कसा?" मी विचारलं. "वरून सगळे सारखेच दिसतात, बाबा."

बाबांनी चष्मा काढून पुसला. असा प्रश्न त्यांना कोणी विचारला नव्हता. डोंग्यात बसलेल्या माणसाला आपण कोणत्या तलावात आहोत हे विचारायची गरज पडत नाही. मग ते म्हणाले, "पाण्याकडं नोको पाहू. पाणी दर मयन्याले बदलते. पाळीकडं पाह."

पाळ म्हणजे तलावाचा बांध. बाबांनी मला बोटानं दाखवलं: उताराच्या बाजूला पाळ असते, ती सरळ किंवा थोडी वाकलेली, तिच्यावर झाडं. तिच्या समोरची बाजू वेडीवाकडी, तिथे पाणी हळूहळू जमिनीत मिसळतं. पाळीच्या खाली गाव आणि धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं; वरच्या अंगाला झुडपं किंवा रान. पाणी आटलं तरी पाळ तिथेच राहते. प्रत्येक तलावाची पाळ वेगळ्या दिशेला. कोणाची पूर्वेला, कोणाची दक्षिणेला, एखाद्याची दोन्हीकडे कोपर मोडल्यासारखी.

मी नकाशा जवळ ओढला. पाळ त्यात जाड रेघेनं दाखवलेली होती. इतके दिवस ती जाड रेघ माझ्या डोळ्यांसमोर होती आणि मी निळ्या रंगाकडे बघत बसले होते.

आम्ही बाप-लेकीनं त्या दुपारी माझ्या रेघेच्या दोन्ही बाजूंचे सगळे तलाव काढले. बाबा सांगायचे, मी लिहायचे. दोन तलावांच्या बाबतीत त्यांचं आणि नकाशाचं पटेना. बाबा ठाम होते. "नकाशेवाला कवा आला होता? मी मांगच्या मयन्यात होतो तेथं." मी त्यांचं लिहून घेतलं. शेवटी मोठ्या तलावावरचा गोल मी खोडला नाही, पण त्याच्याजवळ लिहिलं: पाळ दक्षिणेला, पाणी निम्मं, वरच्या बाजूला हिरवं धान. आणि शेजारच्या लहान तलावाजवळ लिहिलं: पाळ पूर्वेला, भरलेला, हा नव्हे.

आई आतून भाकरी थापत ऐकत होती. बाहेर येऊन म्हणाली, "नागपूरले जाले किती टाइम लागते म्हणाली तू?"

"पन्नास मिनिटं."

"अन् घरी याले किती लागला आज?"

"तीन तास."

"मंग त्या विमानवाल्याईले सांग ना, आमच्या गावाकडून जा म्हणा, पोरीले उतरवून द्या." आई हसली आणि परत आत गेली. मी चौथीत असताना माझ्या कानाच्या दुखण्यासाठी ती मला नागपूरला घेऊन गेली होती. दोन बस बदलून, दवाखाना करून, पुन्हा दोन बस बदलून आम्ही घरी पोचलो तेव्हा तिचे पाय सुजले होते. तिच्या मनात नागपूर तेवढं लांब होतं. पन्नास मिनिटं हा आकडा तिला थट्टेसारखाच वाटत असणार.

बाबांना वेगळंच काही विचारायचं होतं. आई आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "तू एकटी जाशीन तवा मले दिसशीन का?"

"गावातून नाही दिसणार. मी खूप दक्षिणेकडून जाणार, आणि विमान लहान आहे."

"मंग कोठून दिसन?"

मी नकाशावर बोट ठेवलं. रेघ वैनगंगेला जिथे छेदत होती तिथे, रेल्वेपुलाच्या जरा वरच्या अंगाला. "इथून. वर साडेचार हजार फुटांवरून जाईन. आकाश स्वच्छ असेल तर दिसेल."

"किती वाजता?"

"परवानगी मिळाली तर सांगेन."

सोमवारी मी मॅडमसमोर नकाशा ठेवला. त्यांनी पाळीच्या नोंदी वाचल्या, एकेक करून. पंधरा मिनिटं त्या नुसत्या वाचत होत्या. मग विचारलं, "हे कोणी सांगितलं?"

"बाबांनी."

"परतीच्या इंधनाचा हिशेब दाखव," त्या म्हणाल्या. म्हणजे पुढचा प्रश्न आला होता.

बुधवारी सकाळी साडेआठला मी एकटी उडाले. शेजारची खुर्ची रिकामी, तिचा पट्टा बांधून ठेवलेला, तो कशात अडकू नये म्हणून. एक माणूस कमी म्हणून विमान धावपट्टीवरून लवकर उचललं गेलं. हे मॅडमनी आधीच सांगितलं होतं, तरी त्या क्षणी मला हसू आलं. वर गेल्यावर मी घड्याळाचं बटण दाबलं, नाक अडीचशे अंशांवर आणलं आणि पहिली नोंद केली.

खाली उन्हाळी धानाचे हिरवे तुकडे होते आणि त्यांच्यामध्ये कापणी झालेली पिवळी-करडी जमीन. दूरवर धुरकट होतं. मोहफुलं वेचायच्या दिवसांत रानात पालापाचोळा जाळतात, त्याचा धूर सकाळी खाली बसून राहतो. पुढे दहा-बारा मैलांपलीकडे काही दिसत नव्हतं. तिरोड्याची धुरांडी मात्र त्या धुरातून वर निघाली होती. मी घड्याळ पाहिलं. ठरल्यापेक्षा दीड मिनिट उशीर.

दीड मिनिट म्हणजे काहीच नाही, असं एकटं असताना मनाला सांगणं फार सोपं असतं. मी ते सांगितलं नाही. एवढ्या अंतरात दीड मिनिट गेलं, तर वारा दहाचा नाही, सतरा-अठराचा आहे. म्हणजे माझा जमिनीवरचा वेग नव्वद नाही, ब्याऐंशी-त्र्याऐंशी. पूर्ण प्रवासाला पन्नासऐवजी पंचावन्न मिनिटं. मांडीवरच्या पाटीवर मी जुन्या वेळा खोडल्या, नव्या लिहिल्या आणि नागपूरच्या नियंत्रकाला पोचण्याची नवी वेळ कळवली. त्यानं ती शांतपणे परत म्हणून दाखवली.

मी बाबांना आठ वाजून पन्नास मिनिटं सांगितली होती. मी नदीवर आले तेव्हा आठ त्रेपन्न झाले होते. मार्चमधली वैनगंगा, अर्धी वाळू, अर्धं पाणी, पुलाचे खांब एका ओळीत. काठावर माणसं असतील तर ती एवढ्या उंचीवरून दिसत नाहीत. मला माहीत होतं की तिथे कुठेतरी बाबा मान वर करून उभे आहेत. पंख एकदा डावी-उजवीकडे हलवावेत असं फार वाटलं. तसं करणं काही कठीण नव्हतं. पण एकटीनं जाणाऱ्या शिष्यानं ठरलेलंच करायचं असतं, म्हणून मी हात स्थिर ठेवले आणि नोंद केली: पूल, आठ त्रेपन्न.

तुमसर रोड मागे पडलं. आता पुढच्या धुरात, डावीकडे, तोच तलाव चमकायला लागला. मागच्या वेळी ज्यानं मला फसवलं होतं तो. आणि खरं सांगते, या वेळीही तो मला बोलावत होता. पुढे सगळं धुरकट, उजवीकडे कुठेच पाणी दिसत नव्हतं, आणि हा एकटा एवढा मोठा, एवढा स्पष्ट. हात आपोआप डावीकडे जायला निघाला होता. मी पाणी सोडून पाळ शोधली. झाडांची काळपट रेघ तलावाच्या पूर्वेला होती. पूर्वेला म्हणजे हा नव्हे. मी नाक सरळ ठेवलं.

दोन मिनिटं गेली. उजवीकडे काही नाही. आणखी एक मिनिट. मग उजव्या पंखाच्या पुढे एक मोठा हिरवा पट्टा दिसला, धानाचा, आणि हिरव्याच्या खालच्या टोकाला थोडंसं पाणी, आणि पाण्याच्या दक्षिणेला लांबलचक वाकलेली पाळ, तिच्या खाली गावाची कौलं. बाबांनी जसं सांगितलं होतं अगदी तसंच. मी एकटीच होते, तरी मोठ्यानं म्हणाले, "हा होय."

त्यानंतर नागपूरपर्यंत मला कुठलीच शंका आली नाही. शहराच्या अलीकडे नियंत्रकानं मला थांबायला सांगितलं. पुढे मोठी प्रवासी विमानं उतरत होती, त्यांना आधी जाऊ द्यायचं होतं. मी एका जागी डावीकडे वळत दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत एक पांढरं प्रचंड विमान माझ्या खालून, धावपट्टीच्या दिशेनं सरकत गेलं. मग माझा नंबर आला. ती धावपट्टी बिरसीला शिकलेल्या माणसालाही केवढी वाटते! मी तिच्या सुरुवातीलाच टेकले आणि बाहेर पडायचं वळण गाठायला बराच वेळ चालवत गेले, जसं मोठ्या मांडवात लहान पोर जातं.

इंधन भरायला आलेल्या माणसानं विमानात दोनदा डोकावून पाहिलं. "अजून कोणी हाय का मॅडम?"

"नाही."

"एकटीच आली? कुठून?"

"गोंदियाहून."

"बापा!" तो म्हणाला, आणि मग नळी लावता लावता म्हणाला, "माही सासुरवाडी लाखांदूरची हाय. जाले आख्खा दिवस जाते."

मॅडमना फोन केला. "एकसष्ट मिनिटं," मी म्हणाले. "त्यातली सहा थांबण्यात गेली."

"म्हणजे पंचावन्न. तू पन्नास काढली होतीस."

"वारा अंदाजापेक्षा जास्त होता. तिरोड्यालाच कळलं. वेळा बदलून कळवल्या."

"तलाव?"

"बरोबर ओळखला."

"परत यायला किती लागेल?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं, म्हणून उत्तर तयार होतं. आता तोच वारा पाठीवर. शंभर अधिक अठरा. "चढायचा वेळ धरून चाळीस मिनिटं, मॅडम."

परतीला मला एकेचाळीस मिनिटं लागली. मॅडम धावपट्टीच्या बाजूला शेडखाली उभ्या होत्या. त्यांनी माझी पाटी घेतली, खोडलेल्या वेळा आणि नव्या वेळा पाहिल्या, वहीत सही केली. मग म्हणाल्या, "तुझ्या बाबांकडून अजून काय काय शिकता येईल ते शिकून घे." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे सगळ्यात मोठं कौतुक. ते माझं नव्हतं, बाबांचं होतं, तरी चाललं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती, म्हणून त्याच दुपारी मी घरी निघाले. ऑटो, पॅसेंजर, ऑटो, एसटी. सकाळपासून मी नागपूरला जाऊन आले होते, तरी घरी पोचायला त्याच्या जवळपास दुप्पट वेळ लागत होता. तुमसरला बसमध्ये उभं राहायला जागा मिळाली. शेजारच्या बाईच्या टोपलीतली वांगी माझ्या गुडघ्याला टोचत होती. ती म्हणाली, "दमून आली दिसते पोरगी, कोठून येऊन राहिली?" मी म्हणाले, "नागपूरहून." ती म्हणाली, "हो मंग, दूर हाय."

बाबा छपरीतच बसले होते. मी चप्पल काढायच्या आत म्हणाले, "आठ त्रेपन्नले गेली तू. पन्नास म्हणाली होती."

मी जागीच थांबले. नदीवर पोचल्याची वेळ मी त्यांना सांगितलीच नव्हती, उतरल्यावर फोनही केला नव्हता. त्यांनी मोबाइलवर पाहून ती हाताच्या पंजावर पेननं लिहून ठेवली होती. सकाळी सहाला गाडीवर निघून ते पुलाजवळ जाऊन बसले होते. तिथल्या एका ढिवराच्या डोंग्यात बसून नदीच्या मधल्या वाळूवर उतरले होते, तिथून आकाश मोकळं दिसतं म्हणून.

"वारा जास्त होता, बाबा."

"मले माहीत हाय. वाळू उडून राहिली होती. मी म्हणलं, पोरगी लेट होणार." मग ते म्हणाले, "सरळ गेली तू. जराही हालली नाई."

आईनं पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. "तुह्या बाबानं तिथल्या साऱ्या लोकाईले सांगतलं, हे माही पोरगी हाय म्हणून. कोनी मानलंच नाई म्हणते."

"मानलं एकानं," बाबा म्हणाले. "डोंगावाल्यानं."

रात्रीच्या जेवणाला झिंग्यांचा रस्सा होता. जेवताना आईनं मला सगळं विचारून घेतलं: एकटीला भीती वाटली का, वर थंडी असते का, नागपूर वरून कसं दिसतं, तो जुना दवाखाना दिसला का. दवाखाना मला ओळखता आला नव्हता, ते मी सांगितलं. ती म्हणाली, "आता पुढच्या खेपेले नीट पाहजो." तिनं पुढची खेप गृहीत धरली होती. ते मला फार आवडलं.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला रायपूरचा मार्ग दिला. बिरसीहून पूर्वेला, चौऱ्याऐंशी नॉटिकल मैल. पहिल्या भागात रान, रेल्वे लांब उजवीकडे, आणि पलीकडे छत्तीसगडचं सपाट धानाचं राज्य, जिथे दर गावाला एक तलाव, कुठे दोन. मी बाबांना फोन केला आणि नकाशावरची नावं वाचून दाखवली. त्यांनी दोन-तीन नावं ऐकली आणि मला मधेच थांबवलं.

"तिकडचं मले काई माहीत नाई. तिकडं मी कवाच गेलो नाई. तुलेच पाहा लागन."

"बरं," मी म्हणाले. फोन ठेवला, दिवा टेबलावर जवळ ओढला आणि पट्टी घेऊन एकेका तलावाची पाळ कोणत्या बाजूला आहे ते लिहायला बसले.